जुन्या आवृत्तीतला रुपया कधी बदलावा?

पत्र

मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो आणि नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे एक मुक्त स्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारे तयार कोड, चालवतो. ती पायथन या संगणकभाषेत आहे आणि बिलावरचा जीएसटी काढून बिल छापण्याचे काम करते. गांधीबाग आणि इतवारीतील कापड दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर पुरवणारे काही विक्रेते ती वापरतात. त्यांच्याखेरीज आणखी कोण वापरते, हे मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात मी चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात लायब्ररीचे वागणे बदलणाऱ्या तीन गोष्टी आहेत. एक, कराची रक्कम पूर्ण रुपयात आणताना बरोबर पन्नास पैसे उरले तर आता नेहमी पुढचा रुपया धरला जातो. लायब्ररीच्या माहितीत पहिल्या दिवसापासून तसेच लिहिलेले होते, पण प्रत्यक्षात तसे होत नव्हते. दोन, बिलाचे नमुने ज्या टार फाइलमधून (अनेक फाइलींच्या एका गाठोड्यातून) येतात ती उघडताना ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर फाइल लिहिली जाऊ शकत होती; ते बंद केले. तीन, चुकीचा जीएसटी क्रमांक दिला तर आधी रिकामे उत्तर मिळे, आता एरर येते. एक विक्रेता म्हणतो की हे तिन्ही बदल तिसऱ्या आवृत्तीतही द्या, कारण चौथीवर जायला त्याला सहा महिने लागतील. दुसरा म्हणतो की तिसरीला हातही लावू नका. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच मी अडलो आहे. बॅकपोर्ट, म्हणजे नव्या आवृत्तीतला बदल जुन्या आवृत्तीत नेणे, कधी करावा आणि कधी करू नये?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

दोघांचेही पटते असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्यात तुमची काही गफलत झालेली नाही. पहिला विक्रेता बदल योग्य आहे की नाही याबद्दल बोलतो आहे, दुसरा तो कोणत्या वेळी अंगावर येईल याबद्दल. चौथी आवृत्ती काढताना तुम्हाला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, कारण जो चौथीवर जातो तो काहीतरी बदलणार हे गृहीत धरूनच जातो. तिसऱ्या आवृत्तीवर राहिलेल्या माणसाने मात्र तसे काही कबूल केलेले नाही. म्हणून त्याच्या बाबतीत मी एवढेच विचारीन की हा बदल त्याला कधी आणि कसा कळेल, आणि त्याने न मागता तो त्याच्यावर घालावा इतके मोठे नुकसान आपण त्यामुळे खरोखर टाळतो आहोत का.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. टार फाइलची दुरुस्ती तिसऱ्या आवृत्तीत लगेच न्या आणि ती चालू स्थितीतच द्या. पन्नास पैशांचा बदलही न्या, पण तो मागितल्याशिवाय लागू होता कामा नये. जीएसटी क्रमांकाच्या एररचा बदल नेऊ नका.

तिसऱ्या आवृत्तीचा वापरकर्ता नेमके काय घेऊन बसला आहे, ते आधी पाहू. जुनी मालिका चालू ठेवणारे बहुतेक मोठे प्रकल्प त्याला एकच शब्द देतात: दुरुस्त्या मिळतील, पण अचानक काही बदलणार नाही. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली आपल्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे सांभाळते आणि त्या काळातल्या छोट्या आवृत्त्यांमध्ये फक्त दोषांच्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या देते. वेबसाइट बांधण्याच्या जँगो या पायथन चौकटीच्या धोरणात तर जुन्या शाखेत काय जाऊ शकते हे स्पष्टच लिहिले आहे: सुरक्षेतील त्रुटी, माहिती नष्ट होण्याचा धोका, आणि जी सर्वांत ताजी स्थिर मालिका असेल तिच्यात त्याशिवाय क्रॅश, नव्या सोयींमधील मोठे दोष आणि आधी नीट चालणारे काही त्या मालिकेत बिघडले असेल तर ते. लिनक्स कर्नलच्या (त्या प्रणालीच्या गाभ्याच्या) स्थिर शाखेचा नियम असा आहे की पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, आधी मुख्य शाखेत गेलेला असावा, तो उघडपणे बरोबर आणि तपासलेला असावा, लोकांना प्रत्यक्ष त्रास देणारा दोष त्याने दूर व्हावा आणि आजूबाजूच्या ओळी धरून तो शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा. या सगळ्या नियमांमागे एकच जाणीव आहे. जुनी आवृत्ती चालवणारा माणूस अपडेट घेताना चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, वाचत नाही. वाचायची गरज पडू नये, म्हणूनच तो त्या आवृत्तीवर थांबलेला असतो.

ही गोष्ट मी एकदा फार महागात शिकले, म्हणून थोडी सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी मराठी नावांच्या याद्या अनुक्रमाने लावणारी एक छोटी लायब्ररी मी सांभाळत होते. तिच्यातला अनुक्रम युनिकोडच्या क्रमांकांवर चालत असे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे येते, आपल्या वर्णमालेत मात्र ते ‘ह’नंतर येते. ‘क्ष’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच नाही, तो ‘क’ला जोडलेला ‘ष’ असतो. त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या गटाच्या शेवटी, ‘ख’च्या आधी येई आणि काळे हे काशीकरांच्या आधी. हे चूक आहे असे कोणीतरी कळवले. मला ते पटले, मी दुरुस्ती केली आणि दुरुस्तीच आहे म्हणून ती एका छोट्या आवृत्तीत घालून दिली. एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक त्या यादीवरून काढले जात होते. सत्राच्या मधोमध सर्व्हरवर अपडेट आले, यादी नव्याने तयार झाली, क्षीरसागर आडनावाची मुलगी ‘क’मधून उठून यादीच्या शेवटी गेली आणि तिच्यामागचे सगळे एकेक क्रमांक वर सरकले. आधीच्या चाचणीचे गुण जुन्या क्रमांकांवर नोंदलेले होते. निकाल लागण्याआधी एका शिक्षिकेच्या लक्षात आले म्हणून निभावले. मला त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून कानात आहे: “मॅडम, यादी बरोबर झाली हे मान्य आहे, पण तुम्ही आम्हाला विचारले का नाही?”

माझी दुरुस्ती बरोबर होती, टेस्ट बरोबर होत्या, वर्णमालाही माझ्याच बाजूची होती. चुकले ते एवढेच की ज्यांनी जुन्या क्रमावर पुढचे काम रचले होते, त्यांना वेळ निवडण्याची संधी मी दिली नाही.

आता तुमच्या पन्नास पैशांकडे वळू, कारण तुमच्या तीन प्रश्नांत हाच खरा अवघड आहे. गांधीबागेतल्या कापडाच्या एका बिलाचे उदाहरण घ्या. कापड 2,340 रुपयांचे आहे. त्यावर पाच टक्के कर, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. प्रत्येकी 58 रुपये 50 पैसे. पायथनच्या डेसिमल या दशांश आकडेमोडीच्या साधनात मुळात ठरलेली पद्धत अशी आहे की बरोबर मधोमध आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून 58.50 चे 58 होतात. बिल 2,380 रुपयांचे असते तर प्रत्येक कर 59.50 झाला असता आणि तीच पद्धत 60 देती, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. चूक फक्त सम रुपयानंतर पन्नास पैसे आले तरच दिसते, विषम रुपयानंतर ती दिसतच नाही. असा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो यात नवल नाही, आणि तो तुमच्या नजरेतून सुटला याचे मनाला लावून घेऊ नका. मोठ्या आकडेमोडीत सम संख्येकडे जाण्याची ही पद्धत मुद्दाम वापरतात, कारण तिने वरच्या आणि खालच्या चुका एकमेकींना भरून काढतात. कराच्या बाबतीत मात्र केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 याच्या कलम 170 मध्ये देय रक्कम पूर्ण रुपयात आणण्याचा नियम सरळ दिला आहे: पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यावेत. तुमच्या लायब्ररीच्या माहितीतही तेच लिहिलेले आहे. तेव्हा हा दोषच आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

दोष असूनही तो दुरुस्त करून सगळ्यांना गुपचूप देऊ नका असे मी म्हणते, त्याचे कारण मी एका दुकानात पाहिले आहे. दिवाळीच्या आधी गांधीबागेत एका ठोक व्यापाऱ्याकडे बसले होते. बिल छापून आले की त्यांचे वयस्कर मुनीम करांच्या दोन ओळींवर पेनाने एक बारीक खूण करत आणि शेजारच्या वहीत प्रत्येकी 59 लिहून बिलाच्या ‘राउंड ऑफ’च्या ओळीत दोन रुपये वाढवत. मी विचारले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले की मशीन कधीकधी एक रुपया खाते, तो परत घालावा लागतो. ते सॉफ्टवेअर कोणाचे होते हे मी विचारले नाही, आणि तुमची लायब्ररी त्यात असेलच असेही नाही. पण तुमच्या वापरकर्त्यांमध्ये असे मुनीम असतीलच. काहींनी तो रुपया वहीत भरून काढला असेल, तर एखाद्या विक्रेत्याने आपल्या कोडमध्येच ‘बेरीज जुळत नसेल तर एक मिळव’ अशी ओळ लिहून ठेवली असेल. तुम्ही तिसऱ्या आवृत्तीत उगम दुरुस्त केला की ही सगळी ठिगळे एका रात्रीत जास्तीचा रुपया घालू लागतील. आज ज्याचे बिल बरोबर येते आहे, त्याचेच उद्या चुकेल.

म्हणून नवी पद्धत तिसऱ्या आवृत्तीत असावी, पण ज्याला हवी त्याने ती सेटिंगमधून चालू करावी. पायथननेच अशा वेळी दोन वेगवेगळे निर्णय घेतलेले आहेत, आणि ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मुद्दाम रचलेली माहिती पाठवून डिक्शनरी, म्हणजे पायथनमधला नावावरून नोंद शोधून देणारा साठा, अतिशय मंद करता येते आणि त्यामुळे सर्व्हर अडवता येतो, हा धोका समोर आल्यावर 2012 मध्ये हॅशच्या, म्हणजे नोंद कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या, गणितात यदृच्छा आणली गेली. ती 2.7.3 आणि 3.2.3 या जुन्या मालिकांतही दिली, पण बंद ठेवून; ज्याला हवी त्याने चालू करायची. कारण डिक्शनरीतील नोंदींचा क्रम कायम राहील अशी हमी कोणी दिलेली नसली, तरी कितीतरी प्रोग्राम आणि टेस्ट त्या क्रमावर विसंबून होत्या. नव्या 3.3 मध्ये मात्र ती सुरुवातीपासूनच चालू होती. पुढे 2014 च्या डिसेंबरात 2.7.9 आली, तेव्हा एचटीटीपीएस जोडणीत समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे जुन्याच मालिकेत एकदम चालू केले गेले. स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्रांवर आतले सर्व्हर चालवणाऱ्यांचे त्यात हाल झाले. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो. प्रमाणपत्र न तपासणारी सुरक्षित जोडणी ही वापरकर्त्याची फसवणूकच होती. आपण सुरक्षित आहोत असे त्याला वाटत होते आणि तसे नव्हते. तुमच्या पन्नास पैशांत असा छुपा धोका नाही. चूक कागदावर उघड दिसते, रकमेने लहान आहे आणि लोकांनी तिच्याशी जुळवून घेतलेले आहे. तेव्हा तुम्ही 2012 च्या वाटेने जावे.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या पत्रात आलेली नाही म्हणून मला काळजी वाटते. बिल एकदाच छापले जात नाही. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी येऊन दुसरी प्रत मागते, माल परत आला की त्याच बिलावर क्रेडिट नोट निघते. तुमची लायब्ररी दर वेळी कराची आकडेमोड नव्याने करत असेल, तर सेटिंग चालू केल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या महिन्यातले 58 रुपयांचे बिल 59 चे होऊन छापले जाईल. एकाच बिल क्रमांकाच्या दोन प्रतींवर दोन रकमा आल्या, तर त्याचा खुलासा दुकानदाराला करावा लागेल, तुम्हाला नाही. म्हणून ही सेटिंग नुसती चालू किंवा बंद अशी ठेवू नका. तिच्यात तारीख घ्या. त्या तारखेच्या आणि पुढच्या बिलांना नवा नियम, आधीच्या बिलांना जुना, आणि क्रेडिट नोटला तिच्या मूळ बिलाची तारीख. तारीख दिलीच नाही तर सगळे पूर्वीसारखे. चौथ्या आवृत्तीत ही सोय आहे का तेही आजच तपासा. नसेल तर बॅकपोर्टचे काम बाजूला ठेवून आधी ते करा. नाहीतर जुन्या आवृत्तीचे जे नुकसान टाळण्यासाठी आपण एवढा विचार करतो आहोत, ते नव्या आवृत्तीत घडते आहे असे होईल.

इशाऱ्याबद्दलही थोडे सांगते. जुन्या पद्धतीने रक्कम काढली गेली की इशारा द्यावा असे तुमच्या मनात येईलच. तो द्या, पण काउंटरवर बसलेल्या माणसाच्या पडद्यावर नको; त्याला त्यातले काही कळणार नाही आणि रांग खोळंबेल. पायथनमधला डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे ‘ही पद्धत पुढे बंद होणार’ असे सांगणारा इशारा, हा प्रकार यासाठी सोयीचा आहे, कारण लायब्ररीच्या आतून आलेला तो इशारा एरवी दिसत नाही आणि पायटेस्टसारख्या साधनाने टेस्ट चालवताना मात्र दिसतो. तो विक्रेत्याच्या प्रोग्रामरपर्यंत पोहोचेल आणि दुकानापर्यंत जाणार नाही.

टार फाइलबद्दलचा माझा सल्ला याच्या उलट आहे, आणि तो का, हे सांगायला हवे. कारण याच दोषाबाबत पायथनच्या मुख्य प्रकल्पाने फार सावकाश पावले टाकली. टार फाइलमधील एखाद्या नोंदीच्या नावात वरच्या फोल्डरकडे जाणारी वाट लिहून ठेवली, तर ती उघडताना भलत्याच ठिकाणी फाइल लिहिली जाते, हे 2007 पासून नोंदलेले होते. अशा नोंदी अडवणारी गाळणी 2023 मध्ये आली. ती 3.12 बरोबरच तेव्हा चालू असलेल्या जुन्या मालिकांतही दिली गेली, पण तिथे डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगता लागू होणारे वागणे, बदलले नाही, 3.12 ने इशारा द्यायला सुरुवात केली आणि डीफॉल्ट बदलले ते थेट 3.14 मध्ये. मग तुम्ही लगेच का बदलावे? कारण पायथनचे टारचे साधन कोणत्याही कामासाठी आहे. कोणी त्यातून संपूर्ण संगणकाचा बॅकअप परत आणतो, आणि त्याला फोल्डरबाहेरच्या वाटा, जोडण्या, परवानग्या सगळे जसेच्या तसे हवे असते. तुमच्या टार फाइलमध्ये बिलाचे नमुने असतात. त्यातली फाइल नमुन्यांच्या फोल्डरबाहेर जाण्याचे एकही प्रामाणिक कारण मला सुचत नाही. जिथे जुन्या वागण्यावर सरळ हेतूने कोणी विसंबून राहूच शकत नाही, तिथे ते बंद केल्याने कोणाचे काम मोडत नाही, आणि चालू ठेवले तर बाहेरून आलेला एक नमुना दुकानाचा संगणक ताब्यात घेऊ शकतो. शिवाय हे नुकसान पन्नास पैशांसारखे कागदावर दिसत नाही. दुकानदाराला ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

चौथी आवृत्ती प्रसिद्ध करून तुम्ही या दोषाची जाहीर वाच्यता केलेलीच आहे, हेही ध्यानात घ्या. दुरुस्तीचे कोड उघडे आहे, त्यावरून जुन्या आवृत्तीतली फट कोणालाही वाचता येते. त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीतील ही दुरुस्ती इतर कशाचीही वाट न पाहता एकटीच, याच आठवड्यात जाऊ द्या. तिच्याबरोबर पन्नास पैशांची सेटिंग पाठवण्याचा मोह टाळा. सुरक्षेच्या दुरुस्तीत दुसरे काही मिसळलेले असले की सावध माणूस तीच दुरुस्ती घ्यायला कचरतो. डिसेंबर 2021 मध्ये जावा भाषेतल्या लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा जावा 8 वर जाऊ न शकणाऱ्यांसाठी त्या प्रकल्पाने जावा 7 साठी 2.12.2 आणि जावा 6 साठी 2.3.1 अशा वेगळ्या जुन्या आवृत्त्या काढल्या आणि धोक्याची सोय त्यांतही बंद करूनच दिली. ज्यांना पुढे येता येत नव्हते त्यांच्यापर्यंत फक्त तेवढीच दुरुस्ती नेली गेली, आणि अशा वेळी तेच करायचे असते.

चुकीच्या जीएसटी क्रमांकावर एरर देण्याचा बदल चौथ्या आवृत्तीला शोभतो. 15 अक्षरांचा क्रमांक, त्याच्या शेवटी पडताळणीचे अक्षर. ते जुळले नाही तर गप्प बसण्यापेक्षा बोलणे चांगले, हे खरे आहे. पण रिकामे उत्तर आले की ‘गिऱ्हाइकाचा क्रमांक नाही’ असे समजून पुढे जाणारे कोड प्रत्येक विक्रेत्याने लिहिलेले असणार, कारण तुमच्या लायब्ररीने त्यांना तेच शिकवले. तिथे एरर उडाली की बिलच अडेल. ज्याला तपासणी कडक हवी त्याच्यासाठी तिसऱ्या आवृत्तीत वेगळ्या नावाचे नवे फंक्शन देता येईल, पण तेही मी देणार नाही. ती नवी सोय झाली आणि नव्या सोयींसाठी चौथी आवृत्ती आहेच.

आता तुमच्या पहिल्या विक्रेत्याबद्दल. सहा महिने लागतील असे तो म्हणतो, तर का लागतील ते त्याला नीट विचारा. बहुतेक वेळा अडचण तुम्ही केलेल्या बदलांत नसते. चौथ्या आवृत्तीला नवे पायथन लागते आणि दुकानांतल्या जुन्या विंडोजवर ते चढत नाही, असे काहीतरी असते. तसे असेल तर त्याला बदल मागे नेऊन हवे आहेत यापेक्षा जुन्या पायथनवर चालणारी चौथी आवृत्ती हवी आहे, आणि ती देणे कदाचित सोपेही असेल. आणि नुसतेच मनुष्यबळ कमी असेल, तर तारखेच्या सेटिंगचे कोड आणि टेस्ट त्याने लिहून द्याव्यात, तुम्ही तपासून घ्याव्यात, असे सरळ सांगा. मुक्त स्रोतात अशी विनंती करण्यात कमीपणा नाही. तुम्ही नोकरी सांभाळून हे करता, आणि जुन्या शाखेत गेलेली प्रत्येक ओळ पुढे तुम्हालाच सांभाळायची आहे. त्याच पत्रात तिसरी आवृत्ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल तेही कळवा. ती तारीख ठरलेली नसणे हेच पुष्कळदा बॅकपोर्टच्या मागण्यांचे मूळ असते. मुदत माहीत असलेला विक्रेता आपली सहा महिन्यांची योजना स्वतः आखतो.

दुसऱ्या विक्रेत्यालाही विसरू नका. ‘हातही लावू नका’ म्हणणाऱ्याला टार फाइलचा धोका समजावून सांगितला तर तो ऐकेल, असा माझा अनुभव आहे. त्याच्याकडे दुकानांतला खरा डेटा असतो. तारखेच्या सेटिंगची आवृत्ती प्रसिद्ध करण्याआधी आठवडाभर त्याला चाचणीची आवृत्ती द्या आणि गेल्या वर्षीची बिले तिच्यातून पुन्हा काढून एकही आकडा बदलत नाही ना, ते पाहायला सांगा. तुमच्या टेस्टमध्येही जुने वागणे पकडून ठेवणारी टेस्ट हवी: तारीख न देता 2,340 च्या बिलावर 58 च आले पाहिजेत. चुकीच्या उत्तराची टेस्ट लिहिताना हात अडखळतो, पण तिसऱ्या आवृत्तीत तुम्ही दिलेला शब्द तोच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पोस्टग्रेसच्या 17.1 या छोट्या आवृत्तीत आतल्या एका रचनेचा आकार बदलला आणि आधी तयार केलेली काही एक्स्टेंशन (पोस्टग्रेसला जोडायचे जादा प्रोग्राम) त्यामुळे अडचणीत आली, आठवडाभरात 17.2 काढावी लागली. इतक्या काटेकोर प्रकल्पाच्या हातूनही असे होते, म्हणून बाहेरच्या माणसाने एकदा चालवून पाहणे तुमच्यासारख्या एकट्या मेंटेनरला फार आवश्यक आहे.

वेळही जपा. टार फाइलच्या दुरुस्तीला मुहूर्त नसतो, पण तारखेच्या सेटिंगची आवृत्ती महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास काढू नका; त्या दिवसांत विवरणपत्रे भरली जातात आणि बिलिंगला हात लावायची कोणाचीच तयारी नसते. विक्रेत्यांना नव्या नियमाची तारीख म्हणून 1 एप्रिल सुचवा. आर्थिक वर्ष बदलताना वह्या नव्या होतात, बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात, आणि त्या दिवसापासून ‘राउंड ऑफ’मध्ये हाताने रुपये घालायचे नाहीत, हे मुनिमांना सांगणे सोपे जाते.

चेंजलॉगच्या सुरुवातीला काय लिहावे असा प्रश्न पडेल, म्हणून तारखेच्या सेटिंगच्या आवृत्तीसाठी मी एक मसुदा देते. तुमच्या सोयीने बदलून घ्या. “या आवृत्तीत तुम्ही काहीही केले नाही तर बिलावरचा एकही आकडा बदलणार नाही. बरोबर पन्नास पैसे उरल्यावर पुढचा रुपया धरावा असे आमच्या माहितीत लिहिलेले होते, पण लायब्ररी सम रुपयानंतरचे पन्नास पैसे सोडून देत होती. हा आमचा दोष आहे. नवा नियम लावायचा असल्यास तो कोणत्या तारखेच्या बिलांपासून लावायचा ते सेटिंगमध्ये लिहा. त्याआधी, हा एक रुपया भरून काढणारी एखादी ओळ तुमच्या कोडमध्ये किंवा एखादी सवय तुमच्या ग्राहकांच्या दुकानात आहे का, ते कृपया तपासून पाहा.”